तीनशे दिवे, पत्ता शून्य

गणपतीच्या मांडवात पळत्या रंगांची जी माळ लावतात, तिच्यातल्या एकाही दिव्याला पत्ता नसतो; आणि लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पत्त्याशिवाय कुणाशी बोलता येत नाही. या दोघांची गाठ घालून द्यायचं काम ज्यांच्या नशिबी येतं त्यांना एम्बेडेड इंजिनिअर म्हणतात. पुण्यात ही जमात मुबलक आहे. एरवी ती मोटारींच्या आणि वॉशिंग मशीनच्या पोटातल्या चिपांशी झटत असते, पण श्रावण संपत आला की सोसायटीतलं कुणीतरी विचारतंच, "तुम्ही कॉम्प्युटरमधले ना? मग यंदा लायटिंग तुमच्याकडे." 'कॉम्प्युटरमधले' या सदरात प्रिंटरच्या दुरुस्तीपासून उपग्रहापर्यंत सगळं येतं, त्यामुळे नाही म्हणायला तोंड राहत नाही.

आधी माळेचा स्वभाव सांगतो. बुधवार पेठेतल्या दुकानात तिला नुसतं 'पिक्सेल' म्हणतात. कागदावर तिच्यातल्या दिव्याचं नाव डब्ल्यूएस२८१२. चीनमधल्या वर्ल्डसेमी कंपनीचा हा पाच मिलिमीटर लांब, पाच मिलिमीटर रुंद असा चौकोनी तुकडा. आत लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक चिप. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग. त्यांतले मांडवात दिसतात चारच: लाल, भगवा, हिरवा आणि चुकून लागलेला जांभळा.

माहिती जायला एकच तार. पहिला दिवा आलेल्या माहितीतले पहिले चोवीस बिट स्वतः गिळतो आणि त्यानंतर येईल ते सगळं मुकाट्यानं पुढे सरकवतो. दुसऱ्याला जे मिळतं त्यातले पहिले चोवीस तो गिळतो, उरलेलं तिसऱ्याकडे. तार थोडा वेळ शांत राहिली (जुन्या जातीला ५० मायक्रोसेकंद पुरतात, नव्या जातीला २८०) की सगळे आपापला रंग दाखवतात. म्हणजे एकशे ऐंशीव्या दिव्याला आपण एकशे ऐंशीवे आहोत याची कल्पनाच नसते. त्याच्या दाराशी येणारे बिट हे त्याच्या मते पहिलेच. माळेतला प्रत्येक दिवा स्वतःला पहिला समजतो आणि तरीही माळ सुरळीत चालते. आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत हे अजून साधलेलं नाही.

दोन गोष्टी आणखी. सारं जग लाल-हिरवा-निळा म्हणतं; हा दिवा हिरवा-लाल-निळा म्हणतो. आणि तो कधीही उलट उत्तर देत नाही. तुम्ही पाठवलेलं पोचलं का, दिवा जिवंत आहे का, माळेत एकूण दिवे किती, काहीही विचारा, समोरून गप्प. बोलायला त्याच्याकडे परतीची तारच नाही.

कर्नलला असली माणसं आवडत नाहीत. यूएसबीचा माउस लावा. लावल्या लावल्या तो आपली कंपनी कुठली, माल कुठला, वीज किती लागेल, हे विचारताच सांगून मोकळा होतो. पीसीआयची कार्डंही तशीच बोलकी. पण बोर्डावरच्या बारक्यासारक्या चिपा मुक्या असतात. त्यांच्या वतीनं बोलायला डिव्हाइस ट्री नावाची फाइल असते. हा बोर्डाचा सातबारा. कुठल्या बसवर कोण बसलंय, कुणाच्या ताब्यात कुठली पिन, कुणाला वीज कुठून, या सगळ्याची नोंद त्यात. जमीन जशी उठून सांगत नाही की मी कुणाची, तसा बोर्डही सांगत नाही, कागद सांगतो. आणि उताऱ्यावर ऊस असला की शेतात कुसळं उगवलेली असोत, कचेरी ऊसच मानते. कर्नलचाही खाक्या तोच.

ही पद्धत जुनी आहे. सन कंपनीच्या वर्कस्टेशनांतून ओपन फर्मवेअर आलं, १९९४ मध्ये त्याचं आयट्रिपलई १२७५ हे मानक झालं, पुढे पॉवरपीसीवाल्यांनी ते उचललं. एआरएमवाले मात्र दर नव्या बोर्डाची माहिती सी भाषेत लिहून थेट कर्नलमध्ये कोंबत राहिले. बोर्ड वाढले, फायली फुगल्या, आणि २०११ च्या मार्चमध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एआरएमवाल्यांना ज्या शब्दांत सुनावलं ते इथे छापले तर अंक पोरांपासून लपवून ठेवावा लागेल. त्यानंतर एआरएमच्या घरीही डिव्हाइस ट्री नांदू लागली.

तिथला मोठा नियम असा: कागदावर हार्डवेअर लिहा. जे आहे ते. त्याचं तुम्ही काय करणार, तुमचा ड्रायव्हर कसा चालतो, हे लिहायचं नाही. कारण उद्या लिनक्स सोडून दुसऱ्या कुणी तो कागद वाचला तर त्यालाही कळला पाहिजे. तत्त्व म्हणून बिनतोड. शिवाय कागद कसा लिहावा याचाही एक कागद असतो. त्याला बाइंडिंग म्हणतात आणि तो वायएएमएल नावाच्या भाषेत लिहितात. तिथे एक जागा कमीजास्त सोडली तरी तपासनीस प्रोग्राम परत पाठवतो.

आता माळेची नोंद करायला बसू. पहिलाच रकाना: ही कुठल्या बसवर आहे?

खरं उत्तर, कुठल्याच नाही. ती एका पिनेला लोंबकळते आहे. पण पिन वरखाली करून तिच्याशी थेट बोलायला जावं तर वेळेचं गणित आडवं येतं. एक बिट सव्वा मायक्रोसेकंदात उरकायचा. शून्य असो वा एक, तार आधी वर जाते, ०.४ मायक्रोसेकंदाच्या आसपास खाली आली तर शून्य, ०.८ च्या आसपास आली तर एक. इतक्या बारीक मोजणीत लिनक्सवर विसंबता येत नाही. तो तार वर धरून उभा असतो, तेवढ्यात नेटवर्कवरून कुणाचं तरी गुलाबाचं फूल घातलेलं सुप्रभात येतं, कर्नल ते घ्यायला जातो आणि परत येईतो शून्याचा एक झालेला असतो. मांडवात निळ्या गणपतीच्या जागी क्षणभर हिरवा चमकतो.

म्हणून सगळे एक चलाखी करतात. बोर्डावर एसपीआय नावाची बस असते आणि तिचं स्वतंत्र हार्डवेअर ठरल्या वेगानं बिट सोडत राहतं. त्याला सेकंदाला चोवीस लाख बिटांचा वेग द्यायचा आणि दिव्यासाठीचा एकेक बिट तिप्पट करून लिहायचा. शून्यासाठी १-०-०, एकासाठी १-१-०. तिनांना मिळून बरोबर सव्वा मायक्रोसेकंद लागतो. एका दिव्याचे चोवीस बिट ७२ होतात, म्हणजे नऊ बाइट. एसपीआयला वाटतं आपण कुणाशी तरी शिष्टाचारानं बोलतो आहोत. दिव्याला वाटतं आपल्याला आपल्या भाषेत हाक आली. दोघांचीही फसवणूक आणि दोघंही खूष.

एसपीआयच्या चार तारा असतात. माहिती जाण्याची, येण्याची, घड्याळाची आणि 'तुझ्याशी बोलतोय' असं खुणावणारी चिप सिलेक्ट. माळेला त्यांतली पहिली फक्त लागते. बाकीच्या तीन हवेत. पण नोंदीचा नियम सांगतो, की एसपीआयवर बसलेल्या प्रत्येकानं रेग या रकान्यात आपल्या चिप सिलेक्टचा क्रमांक द्यावा. मग लिहायचं शून्य. जी पिन कुठेच जोडलेली नाही तिचा क्रमांक, जी बस माळेला ठाऊकच नाही तिच्या खात्यावर. 'आहे ते लिहा' या व्रताची सुरुवात अशी होते.

(एपीए१०२ म्हणून दुसरा एक दिवा आहे. त्याला घड्याळाची वेगळी तार असते, तो एसपीआयशी सरळ वागतो, वेळेच्या बाबतीत रुसत नाही. त्याला किंमत जास्त पडते. मंडळाच्या खजिनदारांसमोर हा मुद्दा कधीच दुसऱ्या वाक्यापर्यंत जात नाही.)

पुढचा प्रश्न तीनशे दिव्यांचा. एलईडीच्या घराण्याची रीत अशी, की प्रत्येक दिव्याला स्वतःची नोंद हवी: त्याचा पत्ता, रंग, आणि काम. पाच मीटरच्या माळेत मीटरला साठ या हिशेबानं तीनशे दिवे, म्हणजे तीनशे नोंदी. वर एकदा लिहायचं, की पत्त्याला एक खाना आणि आकाराला शून्य खाने. मग मोजायला शून्यापासून सुरुवात आणि नावातला पत्ता सोळाच्या हिशेबात. सत्तेचाळिसावा दिवा कागदावर 'टू-ई' असतो आणि शेवटचा 'वन-टू-बी'. शिडीवर चढलेला माणूस वरून ओरडतो, "सत्तेचाळिसावा लागत नाहीये!" आणि खाली लॅपटॉपसमोर बसलेला माणूस बोटं मोजायला लागतो. दहा बोटांवर सोळाचा हिशेब बसत नाही, हे तेव्हा फार जाणवतं.

रंगाच्या रकान्यात मौज आहे. कर्नलनं रंगांची एक अधिकृत यादी केली आहे. शून्य क्रमांकाला पांढरा, मग लाल, हिरवा, निळा, अंबर, व्हायोलेट, पिवळा. त्यानंतर इन्फ्रारेड, म्हणजे जो डोळ्यांना दिसत नाही असा रंग. मग 'मल्टी', मग 'आरजीबी', मग पुन्हा पर्पल, नारिंगी, गुलाबी, सायन आणि लाइम. व्हायोलेट आणि पर्पल वेगवेगळे ठेवण्याइतकी रसिकता ज्यांच्याकडे होती त्यांना मोरपंखी, अबोली, डाळिंबी, चिंतामणी, आमसुली हे सुचू नयेत याचं मला वाईट वाटतं. लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या साडीच्या दुकानातल्या जुन्या विक्रेत्याला ही यादी दाखवली, तर तो पहिल्या पाच मिनिटांत तिच्यात चाळीस ओळी वाढवील आणि वर विचारील, "ताई, यात काठाचा वेगळा लिहायचा का?"

कामाचा रकाना त्याहून अवघड. तिथेही ठरलेली नावं आहेत: कॅप्स लॉक, डिस्कची हालचाल, वायफाय, टॉर्च, पॅनिक, हृदयाचे ठोके. शेवटचं काम लावलं तर दिवा ठोक्याच्या लयीत लुकलुकतो आणि यंत्रावरचा भार वाढला की ठोके वाढतात. रात्रंदिवस राबणाऱ्या सर्व्हरला एवढी सहानुभूती मिळते, हे छानच. पण मखराभोवतीच्या एकशे बाराव्या दिव्याचं काम काय लिहावं? 'शोभा' असा शब्द यादीत नाही. शेवटी तीनशेही दिव्यांना 'इंडिकेटर' करून टाकायचं आणि एका कामाला इतके जण कसे म्हणून कुणी हटकू नये यासाठी प्रत्येकाला अनुक्रमांक द्यायचा. त्यासाठी फंक्शन-एन्युमरेटर नावाची वेगळी सोय आहे. तीनशे दर्शक काय दर्शवतात, हे मात्र विचारायचं नाही.

एवढं केल्यावर कर्नल आपलं वचन पाळतो. तीनशे दिव्यांचे तीनशे फोल्डर उघडतो आणि प्रत्येकात उजेड किती, जास्तीत जास्त किती, कुठला रंग किती, कशावर लुकलुकायचं, अशा फायली मांडतो. मग तुम्ही एका फायलीत आकडा लिहिता आणि ड्रायव्हर तो पोचवायला निघतो. आता आठवा: दिव्यांना पत्ता नाही. तीनशेव्याशी बोलायचं तर आधीच्या दोनशे नव्व्याण्णवांना त्यांचे घास देतच जावं लागतं. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, सबंध माळेला नऊ मिलिसेकंद. दर बदलाला ड्रायव्हरनं पूर्ण माळ पाठवली, तर सगळे दिवे एकेक करून लाल करायला पावणेतीन सेकंद लागतात. आरतीत 'घालीन लोटांगण' सुरू झाल्यावर दिलेला रंग प्रदक्षिणा संपता संपता पोचतो.

तेव्हा माझं सरळ मत असं, की माळ म्हणजे तीनशे दिवे नव्हेत; ती एक लांबट वस्तू आहे आणि तिची नोंद एकच असावी. झेफिर नावाची छोट्या चिपांसाठीची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तीही डिव्हाइस ट्रीच वापरते. तिच्यात हे शहाणपण दिसतं. तिथे माळेला एकच नोंद, 'चेन-लेंग्थ' म्हणून एक आकडा आणि 'कलर-मॅपिंग' म्हणून रंगांचा क्रम. हिरवा आधी की लाल आधी, हे तिथे एका ओळीत कबूल करून टाकता येतं. रास्पबेरी पायच्या ५ क्रमांकाच्या बोर्डासाठीही मूळ कागदाला जोडायची तयार पुरवणी आहे, तिला पिन कुठली आणि दिवे किती एवढं सांगितलं की भागतं. मात्र झेफिरच्या त्याच नोंदीत 'शून्याचा आकार हा, एकाचा आकार हा' असे एसपीआयसाठीचे दोन बाइटही लिहावे लागतात. हे हार्डवेअरचं वर्णन की ड्रायव्हरला लिहिलेली चिठ्ठी, यावर दोन इंजिनिअर चहाच्या टपरीवर संध्याकाळ काढू शकतात. टपरीवाला तोवर दोनदा हिशेब करून बसलेला असतो.

पण 'चेन-लेंग्थ' तरी कुणी सांगायची? माळेवर दर दोन दिव्यांच्या मध्ये तांब्याचे ठिपके आणि कात्रीची खूण छापलेली असते. ती कापण्यासाठीच जन्मलेली आहे. दुकानदार विचारतो, "किती मीटर देऊ?" तुम्ही आकडा सांगेपर्यंत कात्री चाललेली असते. डिव्हाइस ट्री कंपाइल होते ऑफिसात. माळ कापली जाते मांडवात, खांबाची उंची बघून. कागदावर तीनशे, खांबावर दोनशे चौऱ्याऐंशी. कर्नल उरलेल्या सोळांनाही दर वेळी इमानदारीत रंग पाठवतो. ते टेबलाच्या खणात असतात.

वीजपुरवठ्याच्या रकान्यात तर सोसायटीची वार्षिक सभाच भरली. एक दिवा पूर्ण पांढरा झाला की साधारण ६० मिलिॲम्पिअर खातो. तीनशे दिव्यांचे १८ ॲम्पिअर, पाच व्होल्टवर ९० वॅट. डिव्हाइस ट्रीत दिव्याचा प्रवाह लिहायचं एकक मात्र मायक्रोॲम्पिअर. एकूण आकडा होतो एक कोटी ऐंशी लाख. खजिनदारकाकांना त्यातलं 'मायक्रो' ऐकू आलं नाही. "एक कोटी ऐंशी लाख? कशाचे?" ते उठून उभेच राहिले. मोबाइलच्या चार्जरवर भागवा, असा ठरावही एकमतानं झाला असता. पण तसं केल्यावर माळेच्या दूरच्या टोकाला व्होल्टेज पोचत नाही, निळा आणि हिरवा आधी मान टाकतात आणि पांढऱ्याचा तांबूस होतो. शेवटी दोन्ही टोकांना वीज द्यावी लागली. कागदावर तिची ओळ एकच आहे.

बारीक गमती अजून आहेत. बोर्ड बोलतो ३.३ व्होल्टमध्ये, पाच व्होल्टवर चालणारा दिवा ऐकतो साडेतीनपासून पुढे. टेबलावर ही गोष्ट चालून जाते. मांडवात, लांब तारेवर, यजमानांसमोर चालत नाही. आणि काही बोर्डांवर एसपीआयची तार रिकाम्या वेळेत वरच राहते. मग पहिला बिट बिघडतो, आणि पहिला बिट म्हणजे हिरव्याचा सगळ्यात वजनदार बिट. त्यामुळे माळ कुठल्याही रंगात असली तरी सुरुवातीचा एक दिवा हट्टानं हिरवा दिसतो. त्याला पाहून एक आजोबा म्हणाले, "तो चालू असल्याचा लाइट असेल." मी हो म्हणालो. शेवटी त्याचं काम 'इंडिकेटर' असंच लिहिलेलं होतं.

दिवा मेला तर? या जातीत एक गेला की त्याच्या पुढचे सगळे अंधारात. कारण उरलेले बिट पुढे सरकवणाराच गेलेला असतो. (नंतरच्या डब्ल्यूएस२८१३ ला यासाठी राखीव अशी दुसरी तार दिली आहे.) डिव्हाइस ट्रीच्या नियमांत यासाठीही सोय आहे. प्रत्येक नोंदीला स्टेटस असतं. बहुतेकांचं 'ओके', नको असलेल्याचं 'डिसेबल्ड', आणि बिघडलेल्यासाठी चक्क 'फेल'. प्रश्न एवढाच, की ते लिहिणार कोण? दिवा बोलत नाही, कर्नलला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं तो शिडीवर आहे, त्याच्या एका हातात पक्कड आणि दुसऱ्या हातात खांब.

मंडळाची आणखी एक इच्छा होती. एका माळेचे दिवे रांगारांगांनी लावून त्यांच्यावर 'मोरया' अशी अक्षरं पळवायची. देवनागरीला दहा रांगा म्हणजे आधीच तंग. वर मात्रा आली की शिरोरेषा खाली सरकते आणि 'मो' बसवताना 'या'चे पाय चौकटीबाहेर जातात. त्यात माळ अखंड असल्यानं ती नागमोडी लावतात: पहिली रांग डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. प्रोग्रामला हे सांगितलं नाही तर एकाआड एक रांग उलटी उमटते आणि 'मोरया'ची मोडी लिपी होते. झेफिरच्या कागदात यालाही शब्द आहेत. चौकटीची नोंद वेगळी, तिला रुंदी, उंची, 'उजवीकडून सुरू', 'खालून सुरू' असे रकाने. भरायचे म्हणून मी वायरमनकाकांना विचारलं, "काका, माळ कुठल्या कोपऱ्यातून सुरू केलीत? डावीकडून की उजवीकडून?"

"शिडी जिथं टेकली तिथनं, साहेब," काका वरूनच म्हणाले. "मग पंखा आडवा आला म्हणून जरा खाली घेतली."

मी बाइंडिंगची फाइल वरून खालपर्यंत पुन्हा वाचली. पंख्यासाठी त्यात काहीच नव्हतं.